संध्याकाळनंतर पाणी नको

महापूर आला की सगळ्यात आधी नळ बंद पडतो. शिरोळ, मिरज, पलूस या पट्ट्यातल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. गावाची पाणीयोजना नदीवर, जॅकवेल नदीच्या काठाला, मोटारी आणि विजेचं पॅनेल तिथंच. नदीनं पात्र सोडलं की पहिल्यांदा तेच बुडतं. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं 43 फुटांची. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण 45 फुटांना आहे, कृष्णा 57 फुटांच्या वर चढली. कोल्हापूर शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आलं. त्यात पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळे बाहेरून येणारे टँकरही अडकलेले. शिरोळ तालुक्याची गत तर विचारायलाच नको. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चारही नद्यांचं पाणी तिथं येऊन एकमेकाला भिडतं. 2005 चा पूर पाहिलेली म्हातारी माणसं भिंतीवरची जुनी खूण दाखवून म्हणत होती, याच्या वर येत नाही. ते वर आलं.

मी पूरग्रस्तांच्या छावण्यांमध्ये पाणी आणि स्वच्छतेचं काम पाहते. आमची संस्था लहान आहे. तांदूळ, चादरी, औषधं हे इतर लोक बघतात. आमच्याकडे टँकर, टाक्या, टीसीएल पावडर, संडास, साबण, कचरा आणि चिखल. हे काम कुणाला फारसं दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की छावणीतला माणूस आजारी पडणार की नाही हे बऱ्याच अंशी याच कामावर ठरतं, आणि त्यातही ते संडासावर ठरतं. पाण्याचा क्रम त्यानंतरचा.

पाणी म्हटलं की मदत धावून येते. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून बाटलीबंद पाण्याचे ट्रक आले. पोरांनी ते खांद्यावरून, होडीतून, ट्रॅक्टरमधून गावोगाव पोचवले. त्या मदतीचं मोल मी जाणते, पहिल्या दोन दिवसांत ते पाणी नसतं तर लोकांनी काय प्यायलं असतं देव जाणे. पण माणसाला फक्त प्यायला पाणी लागत नाही. जगभरातल्या मदतसंस्थांनी 1997 पासून ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष ठरवायला घेतले. त्यात प्यायला, रांधायला आणि अंगधुणं करायला मिळून माणशी दिवसाला निदान 15 लिटर पाणी धरलं आहे. पाणी 500 मीटरच्या आत मिळावं, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त उभं राहावं लागू नये, अशीही अपेक्षा आहे. आणि संडास 20 माणसांमागे एक. अगदी सुरुवातीच्या धामधुमीत 50 माणसांमागे एक चालवून घ्यावा, पण तो लवकरात लवकर 20 वर आणावा. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट.

हे आकडे कुणी कार्यालयात बसून काढलेले नाहीत. 1994 मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो माणसं सीमा ओलांडून झाईरमधल्या गोमा शहराभोवती येऊन पडली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, खड्डा खणता येईना. संडास नाहीत, मृतांना पुरायला जागा नाही, प्यायला किवू सरोवराचं पाणी. पहिल्या महिन्यातच जवळजवळ 50,000 माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीनं. बंदुकीतून वाचून आलेली माणसं जुलाबानं मेली. मदतीला आलेल्या संस्था कमी नव्हत्या, पैसाही होता. त्या धक्क्यातून किमान काय हवंच याचा विचार सुरू झाला, आणि आज आम्ही शाळेच्या फळ्यावर खडूनं जो हिशेब मांडतो त्याचं मूळ तिथं आहे.

आमच्या वाट्याला आलेल्या एका शाळेत साधारण आठशे माणसं होती. 15 लिटरनं गुणलं तर 12,000 लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या अडीच खेपा. हे जमण्यासारखं होतं. पण माणसं एकटी आली नव्हती. शिरोळ तालुक्यातला शेतकरी घर सोडेल, दावणीची जनावरं सोडणार नाही. शाळेच्या मैदानात, कुंपणाला, रस्त्याच्या कडेला म्हशी, गाई, रेडकं बांधलेली. दुभती म्हैस दिवसाला 60-70 लिटर पाणी सहज पिते. जनावरांचं पाणी धरलं तर ते माणसांच्या पाण्यापेक्षा जास्त भरत होतं. मदतीच्या यादीत मात्र जनावरांना रकाना नव्हता. मग व्हायचं ते झालं. माणसांसाठी क्लोरिन घालून आणलेलं पाणी बायाबापड्या गुपचूप म्हशींपुढे ओतत होत्या. त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. त्या म्हशीच्या दुधावर पुढचं वर्ष काढायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून जनावरांसाठी वेगळा टँकर मागवला, विहिरीचं साधं, न गाळलेलं पाणी, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या हौदात सोडायला लावलं. माणसांचं पाणी माणसांना उरलं ते तेव्हापासून.

संडासाचा हिशेब मात्र जमेना. आठशे माणसांना वीसच्या हिशेबानं चाळीस लागतात, पन्नासच्या हिशेबानं सोळा. शाळेत सहा होते. त्यातले दोन लहान मुलांच्या मापाचे, एकाला कडी नव्हती, एक तुंबलेला. शाळेची सेप्टिक टाकी शे-सव्वाशे पोरांसाठी बांधलेली, तीही दिवसा काही तास वापरायची. तिसऱ्या दिवशी ती भरून वाहायला लागली. नवे खड्डे खणावेत तर काळी माती, पाणी वर आलेलं. दोन-तीन फूट खणलं की खड्डा पाण्यानं भरायचा. गोम्यात खडक आडवा आला, इथं पाणी. शेवटी फिरती शौचालयं मिळाली, गाडीवर बसवलेली. ती आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यांची टाकी लहान असते, एवढ्या गर्दीत रात्र सरेपर्यंत ती भरते, आणि मैला उपसणारी गाडी येणार कुठून, रस्ता पाण्याखाली. ती गाडी उंचावरच्या वाटेनं कशी फिरवून आणायची, उपसलेला मैला कुठं नेऊन टाकायचा, हे ठरवण्यात जेवढे फोन झाले तेवढे टँकरसाठीसुद्धा झाले नव्हते.

याच दिवसांत छावणीत तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. बायका लघवीची जळजळ, पोटात कळ, डोकं गरगरतंय असं सांगत येत होत्या. ताप नाही, जुलाब नाहीत. मी एका वर्गात गेले. भिंतीला टेकून बसलेल्या एका आक्कांना विचारलं, पाणी पुरतं का? त्या म्हणाल्या, “पाण्याचं काय न्हाई ताई, पाणी हाय की. पर आमी चार वाजल्यापास्नं पाणीच पीत न्हाई. रातीचं कुठं जायाचं? दिवा न्हाई, कडी न्हाई, बाहेर गडीमाणसं झोपल्याली.” त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनेनं मान हलवली. ती ओली बाळंतीण होती. अंगावर पाजणारी बाई दुपारनंतर पाण्याचा घोट घेत नव्हती.

आम्ही रोज संध्याकाळी वर पाठवायच्या तक्त्यात लिहीत होतो की माणशी इतके लिटर पाणी पुरवलं. आकडा खरा होता. पाणी शाळेत आलं होतं, टाकीत होतं, नळाला होतं. ते बाईच्या पोटात जात नव्हतं. पाणीपुरवठ्याचा कुठलाही तक्ता हे सांगत नाही, कारण पाणी एका रकान्यात असतं आणि संडास दुसऱ्या, आणि दोन्ही रकाने भरणारी माणसं बहुधा वेगळी असतात. त्या दिवसानंतर मी कुठल्याही छावणीत गेले की आधी टाकी बघत नाही. बायकांना विचारते, संध्याकाळी पाणी पिता का?

उपाय काही मोठे नव्हते. बायकांचे संडास इमारतीच्या एका बाजूला, पुरुषांचे दुसऱ्या बाजूला. मधे ताडपत्रीची आडवी भिंत. प्रत्येक दाराला आतून कडी, ती गावातल्या सुताराकडून त्याच दुपारी बसवून घेतली. वाटेवर बॅटरीवरचे दिवे, कारण महावितरणची वीज कधी येणार ते कुणीच सांगू शकत नव्हतं. दारात पाण्याचा पिंप आणि साबण, जाळीच्या पिशवीत घालून दोरीला बांधलेला, म्हणजे तो चिखलात पडत नाही आणि कुणी उचलूनही नेत नाही. रात्री दोन बायकांची पाळी, बसायला खुर्ची. पाळीसाठी बचत गटातल्या बायका आपणहून पुढे आल्या. त्यांनीच ठरवलं की पुरुषांनी त्या बाजूला झोपायचं नाही, आणि त्यांचा शब्द कुणी मोडला नाही. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईनं सांगितलं असतं तर किती चाललं असतं, मला शंका आहे.

म्हाताऱ्यांचं दुखणं वेगळं. गुडघे धरलेले, वाकता येत नाही, निसरड्या फरशीवर पाय घसरायची भीती. एक आजी तर दोन दिवस जेवल्याच नव्हत्या, जेवलं की जावं लागतं म्हणून. मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. त्यातल्या तीन घेतल्या. एका पोरानं बसायच्या जागेवर ताटली उपडी ठेवून खडूनं गोल आखला, लोखंडी सळई चुलीत तापवून त्या रेघेवर एकेक भोक पाडत गेला, मग चाकूनं मधला भाग काढला. कड बोटाला बोचत होती, ती त्यानं विटेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केली आणि वर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली. भांड्यावर ही खुर्ची ठेवली, पाय हलू नयेत म्हणून खाली विटा लावल्या, हाताला धरायला भिंतीतल्या खिळ्यापासून दोर. तासाभराचं काम. त्या आजी संध्याकाळी ताटभर भात आमटी जेवल्या. मांडववाल्याला खुर्च्यांचे पैसे द्यायला गेलो तर त्यानं घेतले नाहीत.

मासिक पाळीबद्दलही सांगायला हवं. मदतीच्या खोक्यांतून सॅनिटरी पॅड भरपूर आले, पाठवणाऱ्यांची जाण चांगली होती. पण कित्येक बायका घरी कापड वापरणाऱ्या. त्यांना हवं होतं ते कापड, ते धुवायला आडोसा, आणि दहा जणांच्या नजरेत न येता वाळत घालायला उन्हाची जागा. ज्यांनी पॅड वापरले त्यांना टाकायची सोय नव्हती, ते संडासात गेले आणि आधीच बेजार झालेली पाइप तुंबली. आम्ही मग झाकणाचे डबे ठेवले आणि एका वर्गाच्या मागे साड्यांचा आडोसा करून दोऱ्या बांधल्या. कुठलीही वस्तू पाठवण्याआधी ती वापरून झाल्यावर जाणार कुठं, हे विचारायला हवं.

आता पाण्याबद्दल. गढूळ पाण्यात टीसीएल टाकून उपयोग नसतो, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना माहीत असतं, पण घाईत विसरलं जातं. गाळ आणि सेंद्रिय घाणच क्लोरिन खाऊन टाकते, जंतू मारायला तो उरत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवायची, पाणी निवळू द्यायचं, मग टीसीएल. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. पोतं फोडून दमट खोलीत ठेवलं की तो उडत जातो. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरिन धरला तर पाच हजार लिटरच्या टँकरला ताज्या पावडरीचे साधारण 30 ग्रॅम लागतात, जुनी असेल तर 40 किंवा त्याहून जास्त. पावडर थेट टँकरात झोकायची नाही. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची. मग अर्धा तास थांबायचं. रांग लागलेली असताना हा अर्धा तास थांबणं फार कठीण जातं. ड्रायव्हरला पुढच्या गावाला जायचं असतं, लोक ओरडत असतात. त्यावर एकच तोड आहे, टँकर भरतानाच तिथं निवळी घालायची, म्हणजे वाटेत तो अर्धा तास निघून जातो आणि हिंदकळून पाणी नीट मिसळतं.

ओटी टेस्ट गावातल्या आशाताई करत होत्या. काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. टँकरच्या तोटीला रंग छान यायचा. एका ताईंच्या मनात आलं म्हणून त्यांनी संध्याकाळी वर्गात जाऊन कळशीतलं, पिंपातलं पाणी तपासलं. नळ्या पांढऱ्याच राहिल्या. सकाळी शुद्ध असलेलं पाणी संध्याकाळी कोरं. आम्ही दोघी मग एका पिंपाजवळ बसून नुसतं बघत राहिलो. पिंप उघडा. कुणी ग्लास बुडवून पाणी घेतोय, कुणी तांब्या. पोरं कोपरापर्यंत हात घालतायत. तळाला बोटभर गाळ, कारण पिंप पुराच्या पाण्यात बुडून आलेला आणि घाईत नुसता विसळलेला. आशाताई उठल्या आणि शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून लांब दांड्याची ओगराळी घेऊन आल्या. दर पिंपाला एक, दोरीनं बांधून. झाकण म्हणून परात. पिंप मातीनं आणि टीसीएलच्या पाण्यानं घासून घेतले. दुसऱ्या संध्याकाळी नळीत फिकट पिवळा रंग आला. त्या ताईंनी ती नळी उजेडाकडे धरून सगळ्या वर्गाला दाखवली, आणि रोज सांजेला पोरं त्यांच्याभोवती रंग बघायला गोळा व्हायला लागली.

पाण्याला वास येतो, चहा बिघडतो, ही तक्रार सगळीकडे असते. ती खोटी नाही. क्लोरिनचा वास येतो आणि चहाची चवही जाते. वास म्हणजे पाणी राखलं जातंय, असं सांगितलं की बहुतेक बायका ऐकत होत्या. चहासाठी पाणी उकळायचंच असतं, तो वास उकळताना जातो.

जुलाब लागलाच तर घाबरू नका, आधी मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, हे आम्ही प्रत्येक वर्गात सांगत होतो. त्याची गोष्टही छावणीतलीच आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून वाटायला सुरुवात केली, नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. हे मी सांगितलं की बायका विचारायच्या, डॉक्टर नव्हता तर कुणी पाजलं? आईनं, असं सांगितलं की त्या सावरून बसायच्या.

पूर ओसरला तेव्हा दुसरं काम सुरू झालं. घराघरांत गुडघाभर गाळ, मेलेली जनावरं, सडलेलं धान्य, उलटी वाहून आलेली गटारं. इतर शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगार पाठवले. ती माणसं आपली घरं सोडून आली आणि अनोळखी गल्ल्यांतला चिखल उपसत राहिली. पुराच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, पायाला साधी चीर असली तरी जंतू आत शिरतो. 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर तो आजार महाराष्ट्रानं बघितला आहे. म्हणून गमबूट, हातमोजे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कामगारांना आधी द्यायला हव्यात. एका ठिकाणी मी गमबुटांची थप्पी गोदामात कुलूपबंद पाहिली आणि बाहेर माणसं चपला घालून चिखलात. वाटपाची सही व्हायची होती म्हणे. त्या दुपारी मी जेवढ्या मोठ्यानं बोलले तेवढं एरवी बोलत नाही. कुलूप उघडलं. हाताने मैला उचलायला लावणं 2013 च्या कायद्यानं बंद आहे, आणि पूर आला म्हणून तो कायदा वाहून जात नाही. तुंबलेल्या टाकीत माणूस उतरवायचा नाही, गाडी मिळेपर्यंत दुसरी सोय लावायची, हे आम्ही शेवटपर्यंत धरून ठेवलं.

विहिरींचं काम सगळ्यात वेळखाऊ. उपसायची, गाळ काढायचा, कठडा धुवायचा, टीसीएल टाकून पाणी एक रात्र ठेवायचं, पुन्हा उपसायची. ओढ्याकडेच्या विहिरीत पाणी पुन्हा पुन्हा गढूळ व्हायचं आणि सगळं परत पहिल्यापासून.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तीच शाळा उघडली. या वेळी बायकांच्या बाजूचे दिवे पहिल्या रात्रीच लागले, कारण पावसाळ्याआधी बचत गटानं ते बॅटरीसकट तपासून ठेवले होते. खुर्च्याही जागेवर होत्या. जनावरांचा हौद कुठं ठेवायचा ते पोरांना सांगावं लागलं नाही. सेप्टिक टाकी मात्र तीच होती, शे-सव्वाशे मुलांची. ती तिसऱ्या दिवशी पुन्हा भरली. मोठी टाकी आणि बायकांसाठी आणखी संडास यांचं अंदाजपत्रक आम्ही करून दिलं आहे, जागाही मैदानाच्या उंच बाजूला आखून दिली आहे. पूरग्रस्तांना ज्या ज्या शाळांत हलवायचं ठरलेलं आहे, त्या प्रत्येक शाळेचं असं अंदाजपत्रक व्हायला हवं आणि काम मे महिन्यात पुरं व्हायला हवं. जूनमध्ये खणायला घेतलं तर त्या मातीत खड्ड्याला पाणी लागतं.